आधी पाणी, मग आग

इंग्लंडात उन्हाळा आला की गावोगावच्या माळांवर एक निराळीच जत्रा भरते. तिथे देव नसतो, पालखी नसते, नवस-सायास तर नसतातच. माळावर ओळीने उभी असतात ती वाफेवर चालणारी जुनी इंजिने. आणि तीही रुळांवरची नव्हेत, तर साध्या रस्त्यावरून आणि शेतातून चालणारी! कुणी मळणीयंत्र फिरवणारे, कुणी नांगर ओढणारे, कुणी ओंडके वाहणारे, तर कुणी रस्ता दाबणारे. मालकाने पहाटे उठून भट्टी पेटवलेली असते, पितळ घासून लखलखीत केलेले असते, आणि तेलकट चिंधीला हात पुसत तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत असतो. शाळकरी पोरांना वर चढवून शिट्टीही वाजवू देतो. लोक हौसेने हे पाहावयास येतात आणि कपड्यांना कोळशाचा वास घेऊन आनंदाने घरी जातात.

या हौसेचा उगम मोठा मजेदार आहे. १९५० साली अ‍ॅपलफर्ड नावाच्या खेड्यात आर्थर नॅपर या शेतकऱ्याने आपल्या जुन्या इंजिनाची एका ओळखीच्या गृहस्थाच्या इंजिनाशी शर्यत लावली. पैज होती बिअरच्या एका पिंपाची. नॅपर जिंकला. पण पिंपापेक्षा महत्त्वाचे असे की, ही गंमत लोकांना भलतीच आवडली. पुढे शर्यती होऊ लागल्या, भंगारात निघालेली इंजिने माणसे पदरचे पैसे मोडून सोडवून आणू लागली, आणि १९५४ साली या मंडळींचा देशव्यापी क्लबच निघाला. योगायोग असा की, त्याच १९५० साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंट या गावीही जुन्या मळणीवाल्यांचा असाच मेळावा सुरू झाला. ज्या यंत्राने आजोबांची उपजीविका चालवली, ते यंत्र नातवाला चालते-बोलते दाखवावे, ही दोन्हीकडची मूळ कल्पना.

आपल्याकडे अशी जत्रा नाही. परंतु अशी इंजिने आपल्याकडे नव्हतीच, असे मात्र मुळीच नाही. उलट या यंत्राच्या जन्मकथेत आपल्या देशाचे नाव फार लवकर येते.

गेल्याच्या गेल्या शतकात इंग्लंडात वाफेचे इंजिन शेतावर पोहोचले होते, पण त्याला स्वतःला चालता येत नव्हते. बारा घोड्यांचे काम करणारे इंजिन या शेतावरून त्या शेतावर न्यायला घोडेच जुंपावे लागत! केंट परगण्यातल्या टॉमस अ‍ॅव्हलिंग या शेतकऱ्याला ही गोष्ट लाजिरवाणी वाटली. यंत्रे दुरुस्त करता करता तो इंजिनियर झाला होता. १८५९ साली त्याने इंजिनाच्या चाकाला साखळी जोडली आणि इंजिन आपल्या पायांनी चालू लागले. पुढे त्याच्या कारखान्याचे रोडरोलर जगभर गेले. त्यांच्या कपाळावर मागच्या पायांवर उभा राहिलेला पितळी घोडा असे; ते केंट परगण्याचे चिन्ह. घोड्याला रजा देणाऱ्या यंत्राने घोडाच कपाळी मिरवावा, ही गंमत ध्यानात ठेवावी; तिचे काम पुढे पडणार आहे.

वाफेच्या रोडरोलरची कथा तर थेट कलकत्त्यालाच जाऊन भिडते. कलकत्त्याच्या नगरपालिकेचे इंजिनियर क्लार्क आणि त्यांचे सहकारी बाथो यांनी १८६३ साली वाफेवर चालणाऱ्या रोलरची योजना केली. रस्ता दाबण्याचे काम बैलांच्या आणि माणसांच्या खांद्यांवरून उतरावे, हा तिचा हेतू. १८७१ साली क्रॉम्प्टन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या रस्त्यांवर ओझी वाहण्यासाठी रबरी धावांचे वाफेचे इंजिन बनवून घेतले. त्याचे नाव ठेवले 'चिनाब'. इकडे पाठवण्यापूर्वी त्याने ते इप्सविचहून एडिंबरोपर्यंत चालवत नेले आणि परत आणले. त्या काळी इंग्लंडात कायदा असा होता की, रस्त्यावरचे इंजिन खेड्यात ताशी ४ मैल आणि शहरात ताशी २ मैलांपेक्षा वेगाने जाता कामा नये, आणि लाल निशाण घेतलेला माणूस त्याच्यापुढे ६० यार्डांवर चालला पाहिजे. १८६५ चा हा कायदा वाचताना हसू येते; पण रस्त्यावर बुजणारे घोडे ज्यांनी सांभाळले असतील, त्यांना ते आले नसावे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली जमशेदपूरच्या टेल्कोने मार्शल या इंग्रज कंपनीच्या साहाय्याने वाफेचे रोडरोलर तयार करावयास सुरुवात केली. आज ज्यांनी साठी ओलांडली आहे अशा वाचकांना हा प्राणी नक्की आठवत असेल. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग पडले, मैलकुल्यांच्या राहुट्या उभ्या राहिल्या, की दोन-चार दिवसांत तो येत असे. पुढे एक भला मोठा रूळ, मागे दोन रुंद लोखंडी चाके, डोक्यावर पत्र्याचे छप्पर, आणि पुढच्या बाजूला उंच धुराडे. वजन साधारण दहा टन. चाल माणसाच्या चालीएवढी. शाळेला उशीर झाला तर 'रोलर पाहत होतो' ही सबब मास्तरही समजुतीने घेत.

असा एक रोलर आमच्या नंदुरबार जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी, एका जुन्या आवारात, निंबाच्या झाडाखाली उभा आहे. कुणीतरी कधीकाळी त्याला हिरवा रंग फासला, भोवती विटांचा ओटा बांधला, आणि मग सगळे त्याला विसरले. कपाळावरचा पितळी घोडा तर केव्हाच नाहीसा झाला. त्याच्या जागी बोल्टांची भोके तेवढी उरली आहेत. मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रांशी माझा संबंध सायकलच्या पंपापलीकडे फारसा नाही. पण बोलीभाषेतले शब्द जमवण्याच्या निमित्ताने गेली काही वर्षे मी विद्यार्थ्यांना त्या रोलरपाशी घेऊन जातो, आणि आता त्यांच्यामागून त्यांची भावंडे, आईवडील, सुटीत आलेले पाहुणे असे बरेच लोक येऊ लागले आहेत.

ते येतात ते रोलरसाठी नव्हे, आबांसाठी. आबा त्या रोलरवर आधी खलाशी होते, मग ड्रायव्हर झाले. पंचाहत्तरी मागे टाकली तरी आवाज खणखणीत आहे. इंजिनाच्या आवाजावरून बोलण्याची सवय जन्मात जात नाही म्हणतात. पाहुणे जमले की ते इंजिनाच्या पाठीमागे उभे राहतात, भट्टीचे दार उघडतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "पोरांनो, सकाळी आल्यावर खलाशी पहिले काय करतो?"

उत्तर ठरलेले असते, "आग पेटवतो!"

"झाले! तुम्ही इंजिन फोडले," असे म्हणून आबा आपले आवडते अहिराणी वाक्य ऐकवतात, "पहिले पानी देख, मंग आग लाव."

मला हे वाक्य भाषेच्या दृष्टीनेही फार महत्त्वाचे वाटते. आपण मराठी माणसांनी वाफेच्या वाहनांना नावे दिली ती 'आगगाडी' आणि 'आगबोट'. म्हणजे लांबून पाहणाऱ्याला जे दिसले, धूर आणि जाळ, त्यावरून बारसे झाले. वाफ दिसत नव्हती आणि पाणी तर पोटात होते. पण जो माणूस त्या यंत्राच्या पाठीशी आयुष्यभर उभा राहिला, त्याच्या लेखी आग दुय्यम, पाणी पहिले. बाहेरचा आणि आतला, या दोघांच्या भाषेत एवढे अंतर असते.

बॉयलर म्हणजे काय हे समजावयाला आबांजवळ एक युक्ती आहे. ते बायकांना विचारतात, "तुमच्या घरी पूर्वी आंघोळीचा बंब होता ना?" तांब्याचा बंब आठवून पाहा. मधोमध नळी, नळीत निखारे, नळीभोवती पाणी, खाली जाळी, राख पडावयास जागा आणि वर धुराडे. रोलरचा बॉयलर म्हणजे आडवा निजवलेला बंबच. फरक इतकाच की, बंबात एक नळी, तर इथे भट्टीपासून धुराड्यापर्यंत पाण्यातून गेलेल्या कितीतरी नळ्या. त्यामुळे आगीची धग जास्तीत जास्त पाण्याला लागते. आणि दुसरा फरक मोठा घातकी. बंबाचे झाकण सैल असते. बॉयलरला वाट सापडत नाही.

उघड्या भांड्यात पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सुमारे सोळाशे-सतराशे पट जागा व्यापते. बॉयलरात तिला ती जागा मिळत नाही, म्हणून दाब चढत जातो. रोलरमध्ये हा दाब चौरस इंचाला दीडशे पौंडांच्या घरात जाई. ही कोंडलेली वाफ सिलिंडरात सोडली की दट्ट्या पुढेमागे होतो, त्याने भले मोठे फ्लायव्हील फिरते, तिथून दात्यांच्या चाकांवाटे मागची चाके. काम करून थकलेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकली जाते आणि जाता जाता भट्टीतला धूरही ओढून नेते. त्या ओढीने आगीला नवी हवा मिळते. आगगाडीच्या ज्या आवाजाला आपण 'झुकझुक' म्हणतो, तो हाच थकलेल्या वाफेचा हुंकार. लहान मुलांना हे कळले की ती दोन मिनिटे गप्प होतात. कारण झुकझुक हा नुसता गमतीचा आवाज नसून इंजिनाचा श्वास आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

मग हमखास एखादा मुलगा म्हणतो, "आबा, आपण हे पेटवू या ना! वर्गणी काढू."

इथे आबा कडक होतात. ते भट्टीच्या छताकडे बोट दाखवतात. त्या छतावर पाणी असते, म्हणून खालची आग त्याचे काही बिघडवू शकत नाही. पाण्याची पातळी उतरून छत उघडे पडले, तर लोखंड लाल होते, मऊ पडते आणि आतला दाब त्याला खाली ढकलतो. छत फाटले की कोंडलेले सगळे पाणी क्षणात वाफ होऊन बाहेर पडते. हे टाळण्यासाठी छतात शिसे भरलेला एक प्लग बसवलेला असतो. पाणी कमी झाले की शिसे वितळते, वाफ आगीवर पडते आणि ड्रायव्हरला इशारा मिळतो. शिवाय काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते, जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. पण काचेची नळी तुंबली असेल, प्लगवर क्षार बसला असेल, पत्रा आतून गंजून पातळ झाला असेल, तर ही सगळी राखण कुचकामी.

ही भीती म्हाताऱ्या माणसाची नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या मेडिना इथे, २९ जुलै २००१ रोजी, जत्रेच्या मैदानावर असेच एक जुने वाफेचे इंजिन फुटले आणि पाच माणसे मरण पावली. पाणी कमी होते, भट्टीच्या छताचा पत्रा झिजलेला होता, आणि इशारा देणारा प्लग निकामी झालेला होता. ती माणसे बेफिकीर नव्हती. हौशी होती, इंजिनावर त्यांचे प्रेम होते. त्यानंतर त्या राज्याने जुन्या बॉयलरांच्या तपासणीचा आणि ती चालवणाऱ्यांच्या परवान्याचा कायदा केला. आपल्याकडे तर असा कायदा १९२३ पासून होता आणि २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. बॉयलर तपासनिसाचा दाखला नसेल तर आग पेटवता येत नाही. आणि जो रोलर इतकी वर्षे पावसात भिजला, त्याला तसा दाखला मिळवून देणे हे वर्गणीचे काम नाही. म्हणून आमचा रोलर थंडच दाखवला जातो. आबा म्हणतात, "बंद इंजिन पाहून कुणी मेले नाही, सर. शिकून मात्र गेले."

थंड इंजिन दाखवण्यात कमीपणा आहे, हे मी नाकारीत नाही. शिट्टी नाही, उष्णता नाही, तेलाचा तो उग्र वास नाही. पण मागच्या वर्षीच्या दिवाळीत असा एक प्रसंग घडला की, इंजिन दाखवणे म्हणजे नेमके काय दाखवणे, याचा मला नव्याने विचार करावा लागला.

अक्राणीकडचा, म्हणजे सातपुड्यात आत राहणारा माझा एक विद्यार्थी आपल्या आजीला घेऊन आला होता. आजी आगगाडीत कधी बसलेली नव्हती. तिला इंजिनाबद्दल काय सांगावे, हा आम्हाला प्रश्न. पण ती सरळ पुढच्या रुळापाशी गेली, त्याच्यावर तळहात ठेवला, आणि भिलीत काहीतरी बोलली. नातवाने सांगितले ते असे : १९७२ च्या दुष्काळात ती याच्यापुढे खडी पसरत होती. दिवसभर हातोडीने दगड फोडायचे, पाटीने खडी टाकायची, वर मुरूम आणि पाणी, आणि मग हा यायचा. शिट्टी झाली की बायांनी बाजूला व्हायचे. संध्याकाळची शिट्टी म्हणजे हजेरी मांडून मजुरी ठरण्याची वेळ.

आबा पुढे झाले. त्या दुष्काळात ते खलाशी होते. दोघे एकाच रस्त्यावर होते की नाही, ते काही जुळले नाही. पण त्यांचे बोलणे सुरू झाले, आणि आम्ही बाकीचे ऐकत राहिलो. रोलरसाठी पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून यायचे. दुष्काळात माणसाला प्यायला पाणी नाही आणि इंजिनाला तर पहिले पाणी हवे! पाण्याची गाडी आली की बाया घागरी घेऊन धावायच्या. मुकादम ओरडायचा. आबा म्हणाले, त्यांच्या ड्रायव्हरने आधी बायांना भरून घेऊ दिले आणि इंजिन दोन तास उशिरा पेटवले. त्या दिवशी इंजिनाने काही तक्रार केली नाही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे अशा कामांवर होती. त्यातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. हे सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. परंतु पाण्याच्या पिंपाशी इंजिन आणि माणूस यांच्यात कोण आधी, हा प्रश्न कसा सुटला, हे कोणत्या पुस्तकात सापडणार? माझ्या मुलांनी त्या दिवशी जेवढे टिपून घेतले, तेवढे वर्षभराच्या तासांत घेतले नसेल. यंत्र आवडणाऱ्या माणसाला यंत्र दाखवणे सोपे आहे. पण ज्यांनी त्याच्यापुढे खडी पसरली त्यांना ते परत दाखवले की यंत्र थंड असूनही बोलू लागते.

आता कुणी म्हणेल, आपल्या देशात जुनी इंजिने दाखवण्याची सोय का नाही? आहे, आणि चांगली आहे. पण ती बहुतेक रेल्वेच्या इंजिनांची. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, जे १९७७ साली सुरू झाले, पतियाळा संस्थानच्या एकरुळी गाडीचे इंजिन आहे. एक चाक रुळावर आणि तोल सांभाळायला दुसरे मोठे चाक रस्त्यावर, असा तो विलक्षण थाट. हरियाणातल्या रेवाडीला १८९३ साली बांधलेल्या शेडमध्ये वाफेची इंजिने आजही जिवंत ठेवली जातात. १८५५ साली लीड्समध्ये बांधलेली 'फेअरी क्वीन' १९९७ साली पुन्हा पेटवली गेली आणि तिने प्रवाशांना दिल्लीहून अलवारपर्यंत नेले. आपल्या नागपुरात मोतीबागेला २००२ पासून छोट्या रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय आहे. माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या जुन्या इंजिनांपैकी एक नेरळला पाहावयास मिळते, एक दिल्लीला आहे, आणि एक तर सातासमुद्रापलीकडे इंग्लंडात हौशी मंडळींकडे जाऊन पोहोचले. विदर्भाच्या 'शकुंतले'ला ओढणारे, १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबत होते. मोठ्या रुळांवरची नेहमीची वाफेची गाडी आपल्या देशात १९९५ च्या डिसेंबरात शेवटची धावली. पुण्याला कोथरूडमध्ये जोश्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथली इंजिने तळहाताएवढी, पण त्यांच्यासोबत माहिती सांगणारा आवाज आहे, म्हणून मुले तिथून हलत नाहीत.

हा शेवटचा मुद्दाच खरा. ठिकठिकाणी स्टेशनांपुढे, कचेऱ्यांच्या आवारांत, बागांतून जुनी इंजिने आणि रोलर ओट्यावर चढवून ठेवलेले असतात. रंग चकचकीत, भोवती फुलझाडे, पुढे पाटी. पाटीवर वजन, साल आणि कारखान्याचे नाव. येणारा माणूस क्षणभर थांबतो, छायाचित्र काढतो आणि जातो. कारण पाटी प्रश्नाला उत्तर देत नाही. आठ वर्षांच्या मुलाचा पहिला प्रश्न असतो, "हे थांबवायचे कसे?" आमच्या आबांचे उत्तर असे : ब्रेकवर विसंबायचे नाही, वाफ बंद करायची, आणि हलकेच उलटा दांडा ओढायचा. उतारावर हे कळायला हाताला दोन वर्षे लागतात. ही दोन वर्षे कोणत्याही पाटीवर मावत नाहीत.

आणि ही माणसे आता थोडी उरली आहेत. साधा हिशेब करा. ज्याने विशीत कोळशाचे फावडे धरले आणि वाफेचा काळ संपेपर्यंत सोडले नाही, त्याचे वय आज काय असेल? लोखंड शंभर वर्षे टिकते. ते टिकवण्याची घाई नाही. घाई आहे ती या हातांची आणि या शब्दांची. आबांकडून आम्ही आजवर दोनशेच्या वर शब्द उतरवून घेतले आहेत. त्यांतले कितीतरी मूळचे इंग्रजी, पण खानदेशी जिभेवर घोळून असे गुळगुळीत झालेले की साहेबाने ओळखू नयेत. इंजिन 'उपाशी' असते, 'उलटी करते', 'घाम सोडते', 'रुसते'. उलटी म्हणजे बॉयलर जादा भरल्यामुळे वाफेबरोबर सिलिंडरात आलेले पाणी. एका शब्दात निदान आणि उपचार दोन्ही! आमच्या भाषाशास्त्राच्या तासाला इतके सोपे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

माझ्या मनात एक कल्पना घोळते आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तिथला घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. लांबलांबच्या मुलखांतून घोडे येतात. पारखी माणसे त्यांचे दात पाहतात, चाल पाहतात, कपाळावरचे भोवरे पाहतात. जेम्स वॅटने आपली इंजिने खपवताना इंजिनाचे बळ घोड्यांत मोजून दाखवले, म्हणून आजही मोटारीचे बळ आपण 'हॉर्सपॉवर'मध्येच सांगतो. मग घोड्यांच्याच यात्रेत एका कोपऱ्यात हा रोलर उभा राहिला तर किती शोभेल! कपाळावर नवा घोडा बसवावा, बॉयलर थंडच असावा, भट्टीत फक्त एक कंदील ठेवावा म्हणजे आतल्या नळ्या दिसतील. शेजारी एक तांब्याचा बंब, एक खडी फोडायची हातोडी, एक पाटी आणि पाण्याचे पिंप. आणि आबांसारखी दोन-तीन माणसे बसायला बाकडे. तेवढे पुरे. त्याला ना कोळसा लागेल, ना तपासनिसाचा दाखला; लागेल ती एक ट्रॉली, परवानगी, आणि उत्तरे देण्याची हौस.

ज्या वाचकांच्या गावी असे एखादे यंत्र ओट्यावर उभे असेल, त्यांना माझी विनंती एवढीच की, या सुटीत त्याच्यावर काम केलेला माणूस शोधा. रेल्वेच्या जुन्या वस्तीत, बांधकाम खात्याच्या जुन्या चाळीत, जिनिंगच्या आवारामागे तो सापडतो. त्याला इंजिनापाशी घेऊन जा, सोबत मुलांना न्या, आणि पहिला प्रश्न मुलांना विचारू द्या. ऐकलेले शब्द त्याच दिवशी वहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी ते आपल्याच भाषेत बदलून जातात.

आमचे आबांकडून पाण्याची नळी, प्लग, भट्टी आणि उलटा दांडा इतके झाले आहे. इंजेक्टर, म्हणजे बॉयलरातल्या दाबाविरुद्ध बॉयलरातलीच वाफ वापरून आत पाणी ढकलणारा तो चमत्कारिक भाग, तेवढा राहिला आहे. तो शब्दांत सांगता येत नाही, असे आबांचे म्हणणे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चार मुले वही घेऊन निंबाखाली जमणार आहेत; आबांनी पाना आणि जुने पितळी नळ घेऊन येतो म्हटले आहे.